हंगेरीतली लोकशाही कशी निसटली: कायदे आणि आकडे हाती घेऊन शोध कसा घ्यावा

कम्युनिस्ट राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांमध्ये हंगेरीचे नाव बरीच वर्षे आदराने घेतले जाई. १९८९ मध्ये रक्त न सांडता सत्तांतर, १९९० मध्ये खुल्या निवडणुका, १९९९ मध्ये नाटो, १ मे २००४ रोजी युरोपीय संघ. त्याच देशाबद्दल १५ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ४३३ विरुद्ध १२३ मतांनी ठराव केला: हंगेरी आता पूर्ण लोकशाही राहिलेली नाही, तिथे निवडणुका होतात पण राजवट एकाधिकारशाहीकडे झुकलेली आहे. हे कसे घडले याचा शोध घेणारे विद्यार्थी, पत्रकार आणि अभ्यास मंडळे यांच्यासाठी ही कामाची पद्धत आहे. काळ १९८९ ते २०२२ एवढाच धरला आहे.

बहुतेक लेखन २०१० मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ओर्बान या एका माणसाच्या स्वभावापासून सुरू होते आणि तिथेच संपते. तसे करू नका. त्याऐवजी एकच आकडा घट्ट धरा: दोन-तृतीयांश. तो कुठून आला, कोणाला मिळाला, त्याने काय बदलता आले आणि बदललेले पुन्हा फिरवणे त्यानेच कसे अशक्य झाले, एवढे नीट मांडले की निम्म्याहून जास्त उत्तर हाती येते.

हाताशी काय घ्यावे

१९८९ मध्ये दुरुस्त झालेली जुनी राज्यघटना, २०११ ची नवी राज्यघटना (तिला तिथे ‘मूलभूत कायदा’ म्हणतात), २०११ चा २०३ क्रमांकाचा निवडणूक कायदा आणि १९९० पासूनचे सर्व निकाल. दोन्ही घटनांचे इंग्रजी अनुवाद मिळतात. सोबत व्हेनिस आयोगाची (युरोप परिषदेचे घटनाविषयक सल्लागार मंडळ) मते आणि ओएससीई या संघटनेच्या निवडणूक निरीक्षकांचे २०१४, २०१८ आणि २०२२ चे अहवाल ठेवा. वृत्तपत्रांतली मते शेवटी वाचा, आधी नको. आधी वाचली की मूळ कायद्यात आपल्याला तेवढेच दिसते जेवढे कोणीतरी दाखवलेले असते.

एक वही करा. तिच्यात पाच रकाने: तारीख, काय बदलले, किती मतांनी बदलले, नव्या नेमणुकीची मुदत किती, आणि ते उलटवायला किती मते लागतील. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण भरत नाहीत.

सुरुवात १९८९ पासून

वहीची पहिली नोंद २०१० ची केली तर चूक तिथेच झाली. कम्युनिस्ट सत्ताधारी आणि विरोधक यांच्यातल्या १९८९ च्या गोलमेज चर्चेत नवी घटना लिहिली गेली नाही. १९४९ ची कम्युनिस्ट घटना आतून जवळजवळ पूर्ण बदलली गेली आणि २३ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले. नवी घटना होईपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे, असे तिच्या प्रास्ताविकातच लिहिले होते. ती तात्पुरती सोय वीस वर्षे चालली.

इथे तीन गोष्टी एकमेकींना जोडून लिहा. एक, घटना बदलायला संसदेतल्या सर्व सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते पुरेशी होती. लोकांचा कौल घेण्याची सक्ती नव्हती. दोन, संसदेला एकच सभागृह होते. आपल्याकडे राज्यसभा आणि काही दुरुस्त्यांसाठी निम्म्या राज्यांची संमती असे जे अडथळे आहेत, त्यातला एकही तिथे नव्हता. तीन, निवडणूक पद्धत मुद्दाम मोठ्या पक्षाला झुकते माप देणारी ठेवली होती. ३८६ जागांपैकी १७६ एकसदस्य मतदारसंघांच्या, उरलेल्या प्रादेशिक आणि राष्ट्रीय याद्यांच्या (यादीचे मत उमेदवाराला नव्हे, पक्षाला दिले जाते). पक्षांची खिचडी होऊन सरकारे पडत राहू नयेत हा त्यामागचा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता.

यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर निर्दोष वाटते. धोका जोडणीत होता. जागा फुगवणारी निवडणूक पद्धत आणि केवळ जागांच्या मोजणीवर बदलता येणारी घटना एकाच घरात नांदत होत्या.

हा धोका १९९४ मध्येच दिसला होता. समाजवादी पक्षाला यादीत ३३ टक्के मते आणि ३८६ पैकी २०९ जागा मिळाल्या. उदारमतवादी मित्रपक्ष धरून ड्यूला होर्न यांच्या आघाडीकडे सुमारे ७२ टक्के जागा आल्या. म्हणजे घटना एकतर्फी बदलण्याची ताकद ओर्बान यांच्या सोळा वर्षे आधी दुसऱ्यांच्या हाती आली होती. त्यांनी ती वापरली नाही. उलट १९९५ मध्ये तरतूद घातली की नवी घटना लिहिण्याचे नियम ठरवायला चार-पंचमांश मते लागतील. मात्र ही तरतूद स्वतः हटवायला दोन-तृतीयांशच पुरत होते. कुलूप मजबूत, पण किल्ली शेजारच्या खिळ्याला. २०१० मध्ये ओर्बान यांच्या फिडेस पक्षाने ती तरतूद दोन-तृतीयांशाने काढून टाकली आणि रस्ता मोकळा झाला. वहीच्या पाचव्या रकान्यात ही नोंद ठळक करा.

मते आणि जागा यांचा भागाकार

आता हिशेब. प्रत्येक निवडणुकीत विजेत्याची जागांची टक्केवारी घ्या आणि तिला यादीतल्या मतांच्या टक्केवारीने भागा. उत्तर १ आले तर जागा मतांच्या प्रमाणात. जितके वर जाईल तितकी फुगवटी जास्त.

१९९४, समाजवादी: ३३.० टक्के मते, ५४.१ टक्के जागा, भागाकार १.६४.
२०१०, फिडेस आघाडी: ५२.७ टक्के मते, ३८६ पैकी २६३ म्हणजे ६८.१ टक्के जागा, भागाकार १.२९.
२०१४: ४४.९ टक्के मते, १९९ पैकी १३३ म्हणजे ६६.८ टक्के जागा, भागाकार १.४९.
२०१८: ४९.३ टक्के मते, पुन्हा १३३ जागा, भागाकार १.३६.
२०२२: ५४.१ टक्के मते, १३५ जागा, भागाकार १.२५.

यातून दोन गोष्टी वाचा. फुगवटी फिडेसने शोधून काढली नाही, ती आधीपासून होती. आणि १९९ चे दोन-तृतीयांश म्हणजे बरोबर १३३, एकही कमी चालत नाही. २०१४ आणि २०१८ मध्ये सत्ताधारी आघाडी या रेषेवर नेमकी उभी होती. म्हणून एकेका जागेचा कायदा तपासणे वाया जात नाही.

२०११ च्या निवडणूक कायद्यात काय शोधावे

जागा ३८६ वरून १९९, त्यातल्या १०६ मतदारसंघांच्या आणि ९३ यादीच्या. मतदानाची दुसरी फेरी रद्द. पूर्वी पहिल्या फेरीनंतर विरोधकांना आपसात समझोता करून एकच उमेदवार ठेवता येत असे. आता ज्याला जास्त मते तो विजयी. विरोध डावे आणि अतिउजवे अशा दोन तुकड्यांत फुटलेला असताना हा बदल झाला. २०१४ मध्ये १०६ पैकी ९६ मतदारसंघ फिडेसकडे गेले, ते मुख्यतः यामुळे.

पुढची तरतूद बारीक आहे आणि हमखास नजरेतून सुटते: विजेत्यालाही ‘भरपाई’. पराभूत उमेदवाराची मते त्याच्या पक्षाच्या राष्ट्रीय यादीत जमा होतात; तशी सोय काही रूपात आधीही होती. नव्या कायद्याने विजेत्याची जास्तीची मतेही त्याच्या यादीत टाकली. उदाहरण मांडून पाहा. विजेत्याला २५,००० मते, दुसऱ्याला १५,०००. जिंकायला १५,००१ पुरली असती, म्हणून उरलेली ९,९९९ विजेत्या पक्षाच्या यादीत जातात. जागा तर मिळालीच, वर ही मतेही. भरपाई म्हणजे हरलेल्याचे नुकसान कमी करणे. इथे जिंकलेल्यालाच ती मिळते. १०६ मतदारसंघांत ही बेरीज झाली की काही जागा सहज सरकतात, आणि १३३ च्या रेषेवर काही जागा म्हणजेच घटना.

तिसरी नोंद परदेशी मतदारांची. रुमानिया, सर्बिया वगैरे शेजारी देशांतल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना नागरिकत्व आणि यादीसाठी टपालाने मत देण्याची सोय मिळाली. २०१४ मध्ये त्यातली सुमारे ९५ टक्के मते फिडेसला पडली. लंडन किंवा बर्लिनमध्ये नोकरीला गेलेल्या, पण हंगेरीत पत्ता असलेल्या नागरिकाला मात्र वकिलातीत जाऊनच मत द्यावे लागे. दोन्ही तरतुदी वहीत शेजारी शेजारी लिहा.

कुलपांची मोजणी

नवी घटना १८ एप्रिल २०११ रोजी २६२ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. समाजवादी आणि हरित पक्षांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. सार्वमत झाले नाही.

ती वाचताना मोठ्या शब्दांवर थांबू नका. ‘प्रधान कायदा’ हा शब्द जिथे येईल तिथे खूण करा. हे कायदे बदलायला हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते लागतात. न्यायालये, माध्यमे, मतदारसंघांच्या सीमा तर त्यात आहेतच, पण कुटुंबसंरक्षण आणि निवृत्तिवेतन व करव्यवस्थेची मूलतत्त्वेसुद्धा आहेत. जून २०११ मध्ये व्हेनिस आयोगाने नेमके यावर बोट ठेवले: साधे बहुमत बदलले की धोरण बदलते, हा निवडणुकीचा अर्थच अशाने नाहीसा होतो.

मग नेमणुका. संसदेची मुदत चार वर्षे. त्याहून लांब मुदत, निवडीला दोन-तृतीयांश, आणि ‘नवा निवडला जाईपर्यंत जुनाच राहील’ ही तरतूद, अशा तिन्ही गोष्टी जिथे एकत्र दिसतील तिथे ‘कुलूप’ असे लिहा. महाअभियोक्ता (सरकारी वकिलांचे प्रमुख) पेतर पोल्ट यांची २०१० मधली नेमणूक नऊ वर्षांची, म्हणजे २०१४ आणि २०१८ या दोन्ही निवडणुकांच्या पलीकडे. २०१९ मध्ये पुन्हा नऊ वर्षे. माध्यम परिषदेचे पाचही सदस्य नऊ वर्षांसाठी, आणि पाचही एकाच राजकीय बाजूने निवडलेले. घटना न्यायालयात न्यायाधीश ११ वरून १५, मुदत नऊवरून बारा वर्षे, आणि उमेदवार सुचवणारी समिती संसदेतल्या बलाबलाप्रमाणे, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या हाती. २०१३ पर्यंत या न्यायालयात नव्या नेमणुकांचे बहुमत झाले होते.

अर्थसंकल्प परिषद विसरू नका. तिची संमती नसेल तर अर्थसंकल्प मंजूर होत नाही, आणि ३१ मार्चपर्यंत मंजूर झाला नाही तर राष्ट्राध्यक्ष संसद बरखास्त करू शकतात. दुसऱ्या पक्षाचे सरकार आले तरी त्याच्या गळ्याशी दोरी राहावी अशी ही रचना आहे.

मराठी वाचकाच्या मनात इथे प्रश्न येईल: घटना न्यायालयाने ‘मूलभूत चौकट’ का पुढे केली नाही? १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या अधिकारालाच मर्यादा घातली. हंगेरीच्या न्यायालयाने दुरुस्त्यांच्या आशयात शिरण्याचे टाळले. २०१० मध्ये सरकारी नोकरी सोडताना मिळणाऱ्या भरपाईवरचा ९८ टक्के कर त्याने रद्द केला, तेव्हा संसदेने लगेच कर आणि अर्थसंकल्पाच्या बाबतीत त्याचे अधिकारच छाटले. मार्च २०१३ च्या चौथ्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीचा आशय तपासण्यास मनाई केली आणि २०१२ पूर्वीच्या निकालांचा आधार काढून घेतला. न्यायालय कायदा रद्द करते, संसद तोच कायदा घटनेत लिहिते: ही जोडी वहीत जितक्यांदा सापडेल तितक्यांदा टिपा.

विलंब मोजा

युरोपीय संघ काय करत होता, याचे उत्तर भावनेने देऊ नका, तारखांची वजाबाकी करा. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ केल्याने २०१२ मध्ये सुमारे २७० अनुभवी न्यायाधीश घरी जाणार होते. युरोपीय न्यायालयाचा निकाल ६ नोव्हेंबर २०१२ ला सरकारविरुद्ध लागला, म्हणजे संघाच्या मानाने लवकर. तरी तोवर वरिष्ठ जागांवर दुसरे बसले होते आणि अनेकांना जुने पद परत मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांची मुदत १ जानेवारी २०१२ रोजी साडेतीन वर्षे आधीच संपवली गेली. स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २३ जून २०१६ ला. सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला लक्ष्य करणारा कायदा एप्रिल २०१७ चा, निकाल ६ ऑक्टोबर २०२० चा. विद्यापीठ तोवर व्हिएन्नाला गेले होते. खटला जिंकला, संस्था गेली.

संघाच्या करारातले ‘कलम ७’ हे शिक्षेचे कलम सप्टेंबर २०१८ मध्ये पुकारले गेले, पण शिक्षेपर्यंत पोहोचायला बाकी सर्व देशांचे एकमत लागते, आणि तेव्हा पोलंडचे सरकार हंगेरीला सांभाळून घेत होते. पैसा रोखण्याची वेळ आली ती डिसेंबर २०२२ मध्ये, सुमारे ६३० कोटी युरोंची. घटना बदलून अकरा वर्षे होऊन गेली होती.

लोक का वळले

कायद्यांची वही भरली की तोल एका बाजूला जातो: सगळे वरून झाले असे वाटू लागते. पण २०१० ची ५२.७ टक्के मते खरी होती आणि खुल्या निवडणुकीत पडली होती.

सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान फेरेन्त्स ड्युर्चान्य यांचे बंद दाराआड केलेले भाषण बाहेर आले. ‘आपण सकाळ, दुपार, रात्र खोटे बोललो’ असा त्याचा सूर होता. दंगली झाल्या, २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये पोलिसांनी रबरी गोळ्या चालवल्या, आणि पंतप्रधान खुर्चीवर राहिले. मग २००८ चे संकट: नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून २,००० कोटी युरोंचे साहाय्य, त्यामागोमाग कपात.

घराघरातला हिशेब स्विस फ्रँकच्या कर्जाचा. व्याज कमी म्हणून लाखो कुटुंबांनी घरासाठी फ्रँकमध्ये कर्ज काढले, पगार मात्र फोरिंट या हंगेरीच्या चलनात. २००८ मध्ये फ्रँक सुमारे १५० फोरिंटला होता, २०११ मध्ये २४० च्या पुढे गेला. ४०,००० फ्रँकचे देणे साठ लाख फोरिंटवरून शहाण्णव लाखांवर गेले, एकही पैसा जास्त न उचलता. ज्यांनी बाजार आणि युरोप यांचे गोडवे गायले तेच पक्ष ही कर्जे काढली जात असताना सत्तेत होते. ‘हंगेरियन मनालाच एकाधिकारशाही आवडते’ हे स्पष्टीकरण समोर आले तर हा हिशेब पुढे ठेवा. संस्कृतीकडे बोट दाखवणे सोपे असते, पण १९९० ते २००६ त्याच लोकांनी चार वेळा सत्ताधाऱ्यांना घरी पाठवले होते, ते त्यात बसत नाही.

माध्यमे आणि पैसा एकत्र वाचा

इथे कोणाला तुरुंगात टाकल्याच्या बातम्या शोधाल तर हाती फारसे लागणार नाही. मालकी बदलाची तारीख आणि सरकारी जाहिरातींचा ओघ शोधा. सर्वात मोठे विरोधी दैनिक नेपसाबाद्शाग ८ ऑक्टोबर २०१६ रोजी अचानक बंद झाले, कारण दिले तोट्याचे. त्याची कंपनी लवकरच सत्तेजवळच्या हाती गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये केश्मा या प्रतिष्ठानात ४५० हून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे एकत्र झाली, बरीचशी मालकांनी फुकट देऊन टाकलेली. डिसेंबरात सरकारने हे एकत्रीकरण ‘राष्ट्रीय हिताचे’ ठरवले, म्हणजे स्पर्धा आयोगाला तपासायला काही उरले नाही. कोणी व्यापारी आपली वृत्तपत्रे फुकट का देईल, हा प्रश्न लिहून ठेवा आणि त्याच नावांपुढे सरकारी कंत्राटे जोडा. ओर्बान यांच्या गावचे, फेल्चुतचे, गॅस जोडणीचे काम करणारे ल्योरिन्त्स मेसारोश काही वर्षांत देशातल्या सर्वात धनाढ्य लोकांत जाऊन बसले. तिथून सुरुवात केली तर धागा लवकर सापडतो.

हमखास होणाऱ्या चुका

‘असा कायदा जर्मनीतही आहे’ हे उत्तर सरकारकडून नेहमी यायचे, आणि बहुतेक वेळा ते खरेही असायचे. म्हणून एकेक कायदा दुसऱ्या देशाशी ताडून पाहणे निरुपयोगी. दुसऱ्या देशात त्या कायद्याला कोण आवरते आणि हंगेरीत तो आवर कधी काढला गेला, हे ताडा.

दुसरी चूक, मतमोजणीतच घोटाळा शोधणे. मते सर्वसाधारणपणे नीट मोजली जात. ऑक्टोबर २०१९ मध्ये गेर्गेय कराचोनी विरोधकांचे एकत्र उमेदवार म्हणून बुडापेस्टचे महापौर झाले. निरीक्षकांचा आक्षेप मोजणीवर नसून मैदान सपाट नसण्यावर होता: सरकारी पैसा, सरकारी फलक, सरकारी वाहिन्या.

ओर्बान यांच्या जुलै २०१४ च्या भाषणालाही गरजेपेक्षा जास्त वजन देऊ नका. त्यात त्यांनी अनुदारमतवादी राज्याची भाषा केली आणि यशस्वी देशांच्या यादीत सिंगापूर, चीन, तुर्की, रशियासोबत भारताचेही नाव घेतले, म्हणून आपल्याकडे ते वारंवार उद्धृत होते. पण मोठी कुलपे तोवर लागून गेली होती. भाषण मागाहून आले.

निष्कर्ष पारखून घ्या

पहिली पारख पोलंडची. २०१५ मध्ये तिथल्या कायदा आणि न्याय पक्षाला ३७.६ टक्के मते आणि ४६० पैकी २३५ जागा मिळाल्या. हेतू बराचसा ओर्बान यांच्यासारखाच, पण दोन-तृतीयांश नव्हते. त्यामुळे घटना बदलता आली नाही, ती मोडत जावे लागले. घटना न्यायाधिकरणाचा मार्च २०१६ चा निकाल सरकारने छापायलाच नकार दिला. मोडतोड उघड दिसते, भांडण सतत पेटते राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे बहुमत गेले.

दुसरी पारख हंगेरीच्या आतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये वेसप्रेमची पोटनिवडणूक हरल्यावर आघाडीचे दोन-तृतीयांश गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्थलांतरितांविषयीची सातवी घटनादुरुस्ती मांडली, तिला १३१ मते पडली, हवी होती १३३. दोन मतांनी ती पडली. सत्ता तीच, नेता तोच, आकडा नव्हता.

तिसरी पारख स्वतः करा, कागद-पेन्सिल पुरते. २०१० चा निकाल घ्या आणि पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्या चार पक्षांत ३८६ जागा मतांच्या सरळ प्रमाणात वाटा. फिडेस ५२.७३, समाजवादी १९.३०, अतिउजवा योबिक १६.६७, हरित ७.४८, बेरीज ९६.१८. फिडेसचा वाटा ५४.८ टक्के, म्हणजे सुमारे २१२ जागा. सरकार आरामात बनले असते. घटना बदलायला लागत होत्या २५८. असाच हिशेब २०१४ चा केला तर १९९ पैकी सुमारे ९३ जागा येतात, साधे बहुमतही नाही. पद्धत वेगळी असती तर लोकांनी मतेही थोडी वेगळी दिली असती, हे समासात लिहून ठेवा. तरी २१२ आणि २५८ यांच्यातले ४६ जागांचे अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.